तिरकमठ्याचा बाण : वेळूचा की कार्बनचा?

चार वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातील एका पाड्यावर माझ्यामुळे एक धनुष्य मोडले. ते माझे नव्हते. पाड्यावरच्या एका बाबांनी स्वतःच्या हाताने घडवलेला तो तिरकमठा होता : भरीव वेळूचा दांडा आणि वेळूच्याच सालीची तासून गुळगुळीत केलेली दोरी. बाबांचा नातू आश्रमशाळेत शिकत होता आणि शाळेच्या संघात नेमबाजी करत होता. नाशिकच्या मैदानावर त्याची माझी ओळख झाली. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि धनुर्विद्येचा नाद लावून घेतला. मापे घेणे हा माझा धर्म. त्या मुलाच्या भात्यातले वाकडेतिकडे बांबूचे बाण पाहिले आणि मला त्याची दया आली. पुढच्या खेपेला जाताना मी माझे सहा कार्बनचे बाण घेऊन गेलो.

पहिला बाण असा काही सुटला की अंगणातली पोरे ओरडलीच. दुसरा, तिसरा, चौथा. वीसेक बाण झाले असतील. मग कडकन आवाज झाला आणि धनुष्याचा वरचा हात उभा चिरत गेला. मुलाला लागले नाही, एवढेच नशीब. बाबा उठले, दोन्ही भाग उचलून त्यांनी पडवीच्या आढ्याला खोचले आणि म्हणाले, ‘‘बाण हलका होता, साहेब.’’ त्यानंतर त्यांनी चहा मागवला. त्या विषयावर त्या दिवशी आणखी काही बोलणे झाले नाही.

घरी परतताना मनात एकच प्रश्न होता : हलक्या बाणाने धनुष्य कसे मोडेल? जड बाणाने मोडले असते तर कळले असते. या प्रश्नाच्या मागे लागून गेल्या चार वर्षांत जे वाचले, मोजले आणि पाहिले, ते येथे मांडतो आहे.

सुरुवात जुन्यापासून करू. लाकडी बाण म्हणजे परंपरा आणि धातूचा किंवा कारखान्यातला बाण म्हणजे आधुनिकता, अशी आपली एक सोपी समजूत असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगणारे एक प्रकरण आहे. त्यात बाणांचे पाच प्रकार दिले आहेत : वेणू म्हणजे वेळूचा, शर म्हणजे त्या नावाच्या गवताच्या काडीचा, शलाका म्हणजे लाकडी काडीचा, दंडासन, आणि नाराच म्हणजे लोखंडाचा. बाणाची अग्रेही तीन कामांची सांगितली आहेत, कापणारी, भेदणारी आणि नुसता मार देणारी. ती लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असत. म्हणजे पाच प्रकारच्या बाणांतून कामाप्रमाणे निवड करण्याचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. नाराच हा त्या काळचा ‘आधुनिक’ बाण म्हणायला हरकत नाही. आणि ‘शर’ हा शब्द मुळात गवताचा. गवताने आपले नाव शस्त्राला दिले. आपल्या आजोबांची बोरूची लेखणीही अशाच काडीची. दिवाळी अंकाच्या वाचकांना हे नाते रुचावे.

आधुनिक बाणाची गोष्ट मात्र अलीकडची. अमेरिकेत डग ईस्टन या बाण बनवणाऱ्या कारागिराने १९३९च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे बाण करून पाहिले. लाकडाच्या दोन काड्या कधीच सारख्या नसतात, ही त्याची तक्रार होती. ॲल्युमिनियमची नळी मात्र हव्या त्या व्यासाची, हव्या त्या जाडीची आणि डझनभर अगदी सारखी काढता येते. पुढे १९८०च्या दशकात कार्बन तंतूचे बाण आले. विमानाच्या कामात हे दोन्ही पदार्थ मी रोज हाताळले होते. म्हणूनच कदाचित माझा त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास होता.

आता हलक्या बाणाकडे येऊ. धनुष्य ताणताना आपल्या हातांची शक्ती त्याच्या दोन्ही बाहूंत साठते. दोरी सोडली की ती शक्ती बाणाला मिळते. पण सगळी नाही. धनुष्याचे बाहू आणि दोरी यांनाही हालायचे असते. बाण जितका जड, तितकी जास्त शक्ती तो घेऊन जातो. बाण हलका असेल तर तो वेगाने जातो खरा, पण बरीच शक्ती मागे धनुष्यातच राहते आणि धक्क्याच्या, थरथरीच्या रूपाने बाहूंवर आदळते. बाण न लावता रिकामी दोरी सोडू नये, असे प्रत्येक नवशिक्याला बजावतात, त्याचे कारण हेच. अति हलका बाण हा त्या रिकाम्या दोरीचाच धाकटा भाऊ.

लाकडी आणि बांबूच्या धनुष्यांसाठी जाणकार एक ढोबळ प्रमाण सांगतात : धनुष्याच्या ताणाच्या दर पौंडामागे बाणाचे वजन नऊ ते दहा ग्रेन असावे. बाबांच्या धनुष्याचा ताण साधारण चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो. त्याला बाण हवा सव्वातेवीस ते सव्वीस ग्रॅमचा. माझे कार्बनचे बाण घरी सोनाराच्या काट्यावर टाकले, तर ते सतरा ग्रॅम भरले. बाबांचे म्हणणे खरे होते.

पण पूर्ण खरे नव्हते. माझ्या बाणांची लांबी तीस इंच होती. मुलाचे वेळूचे बाण सव्वीस इंचांचे. वेळूचा बाण ओढताना त्याचे पाते मुठीशी आले की हात आपोआप थांबतो. बाणाची लांबी हीच धनुष्य किती ताणायचे याची मर्यादा. माझ्या लांब बाणाने ती मर्यादा काढून टाकली. मुलाने उत्साहात तीन-चार इंच जास्त ओढले असणार, आणि वेळूचा दांडा तेवढ्यासाठी घडवलेलाच नव्हता. हे मला तीन दिवसांनी मोजपट्टी हातात घेतल्यावर कळले. तपासणी विभागातल्या माणसाने हे आधी मोजायला हवे होते.

तिसरी गोष्ट बाणाच्या लवचिकतेची. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. म्हणजे तो लक्ष्याच्या रेषेत नसून किंचित तिरपा असतो; तरीही नीट सोडला तर सरळ जातो. याला इंग्रजी ग्रंथांत धनुर्धाऱ्याचा विरोधाभास म्हणतात. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या संशोधकाने अतिवेगवान चित्रीकरण करून त्याचा उलगडा दाखवला. सुटताना बाण सापासारखा वाकतो, मुठीला वळसा घालून पुढे जातो, मग उलट बाजूला वाकतो आणि असा लवलवत आपली रेषा धरतो. हे वाकणे धनुष्याच्या ताणाशी जुळलेले असावे लागते. बाण फार ताठ असेल तर उजव्या हाताच्या माणसाचा नेम डावीकडे जातो; फार मऊ असेल तर उजवीकडे.

आधुनिक धनुष्याच्या मुठीत मध्यापर्यंत खिडकी कापलेली असते. तेथे बाण जवळजवळ मध्यरेषेतच बसतो, म्हणून ताठ बाणही चालून जातो. वेळूच्या धनुष्याला खिडकी नसते, बाण ठेवायला वेगळा टेकूही नसतो. तेथे बाण लवचिकच हवा आणि त्याला पिसेच हवीत. पीस मुठीला घासले तर दबते आणि पुन्हा उभे राहते. प्लॅस्टिकचे पाते आपटते आणि बाणाला बाजूला ढकलते.

लवचिकता मोजणे घरीही शक्य आहे. कारखान्यातल्या बाणांसाठीची रीत अशी : अठ्ठावीस इंचांवर दोन टेकू, त्यांवर बाण आडवा, मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन. बाण किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. अर्धा इंच वाकला तर त्याचा आकडा ५००. आकडा मोठा तितका बाण मऊ. लाकडी बाणांची जुनी रीत थोडी वेगळी : सव्वीस इंचांवर टेकू आणि दोन पौंड वजन. २६ या संख्येला वाकलेल्या इंचांनी भागले की बाण किती पौंडांच्या धनुष्याला शोभेल ते मिळते. ०.६५ इंच वाकला तर चाळीस पौंड. एक फळी, दोन खिळे आणि नटबोल्टांची पिशवी एवढ्यावर मी हे यंत्र बनवले.

मग लाकडी बाणच चांगला का? तसेही नाही. वेळू पाणी पितो. पेठ-सुरगाण्याच्या पावसात सरळ बाण आठवडाभरात वाकतो आणि निखाऱ्यावर शेकून पुन्हा सरळ करावा लागतो. काडी थंडीत तोडावी लागते, नाहीतर कीड लागते. मग ती सावलीत काही महिने वाळवायची. दोरीची खाच पेराजवळ घ्यायची, म्हणजे काडी चिरत नाही. खाचेखाली दोऱ्याचे घट्ट वेढे घालायचे. जाड बाजू पुढे ठेवायची. एवढे करूनही डझनातले चार बाण वेगळे वागतात. कार्बनचा बाण पावसाला दाद देत नाही आणि वाकडा होत नाही. मात्र त्याला सूक्ष्म तडा गेला तर तो सुटताना फुटून हातात घुसू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी वाकवून, कान देऊन तपासावा लागतो. ॲल्युमिनियमचा बाण स्वस्त आणि एकसारखा, पण दगडावर आदळला की वाकला. पेठच्या माळावर दगडांची वाण नाही.

पिसांचीही एक कथा आहे. महाभारतात गिधाडाच्या पिसांच्या बाणांचे उल्लेख येतात. आज जनावरांच्या औषधातील डायक्लोफेनॅकमुळे गिधाडेच संपत आली. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झाले. आमच्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनखाते गिधाडांना मेलेली गुरे खाऊ घालते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारही गेली. तेव्हा पक्ष्याचे पीस लावून पक्ष्यावर सोडायचा बाण आता उरला नाही. कोंबडीचे, बदकाचे पीस आणि समोर गवताची पेंढी, एवढेच त्याचे जग आहे.

उरली स्पर्धा, आणि तेथे निवड नियमच करतात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ प्रकारात लाकडी-बांबूचे धनुष्य आणि लाकडी-बांबूचेच बाण लागतात. अंतरे पन्नास आणि तीस मीटर. जागतिक संघटनेच्या ‘लाँगबो’ गटातही बाण लाकडी आणि पिसे नैसर्गिक असावी लागतात. ऑलिंपिकमध्ये मात्र सत्तर मीटरवर १२२ सेंटीमीटरचे लक्ष्य आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटीमीटरचे. तेथे वेळू टिकत नाही. राजस्थानचे लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढले, आधुनिक धनुष्य शिकले आणि १९९२मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळले. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. २०२३मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तीही कंपाउंड धनुष्यावर.

म्हणून पाड्यावरच्या मुलापुढचा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. इंडियन राउंडमध्ये तो घरच्या बाणावर राज्यापर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे जायचे तर सगळी साधने बदलावी लागतात, आणि वरच्या दर्जाच्या कार्बन बाणांच्या एका डझनाची किंमत पाच आकड्यांत जाते. नेम त्याच्या हातात असतो. त्या डझनाचे पैसे नसतात. परंपरेचे कौतुक करणाऱ्या आपण शहरी लोकांनी त्याला ‘तू वेळूवरच राहा’ असे सांगणे सोपे आहे. मी जे केले, म्हणजे त्याच्या घरच्या धनुष्यावर आपला बाण लादणे, तेही तितकेच सोपे होते.

यंदा संक्रांतीनंतर मी फळी आणि सोनाराचा काटा घेऊन पाड्यावर गेलो. बाबांनी नव्या तिरकमठ्यासाठी बारा बाण केले होते. त्यांनी एकेक बाण दोन्ही हातांत धरून अंगठ्याने दाबला आणि मऊपासून ताठापर्यंत रांगेत मांडला. मी फळीवर मोजले. दहा बाणांचा क्रम जुळला. दोन बाणांची जागा बदलली, पण त्यांतला फरक माझ्या मोजपट्टीलाही जेमतेम दिसत होता.

मग काटा काढला. रांगेतले दोन बाण बाकीच्यांपेक्षा चार ग्रॅम जड निघाले. बाबांना ते पटेना. नातवाने ते दोन्ही तीस मीटरवर सोडले. दोन्ही पेंढीत खाली लागले, पुन्हा सोडले, पुन्हा खाली. बाबांनी बाण मागून घेतले, बोटावर तोलून पाहिले आणि विळ्याने पुढच्या बाजूचे साल हलकेच तासायला घेतले. तासायचे, काट्यावर ठेवायचे, पुन्हा तासायचे.

मुलाकडे आता दोन भाते आहेत. एकात बाबांचे वेळूचे, दुसऱ्यात शाळेच्या आधुनिक धनुष्यासाठी ॲल्युमिनियमचे. दोन्ही भात्यांच्या पट्ट्यांना त्याने वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले आहेत, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. सोनाराचा काटा मी पाड्यावरच ठेवून आलो. मोडलेले धनुष्य अजून आढ्यालाच खोचलेले आहे.