तोलव्यायाम, वार्धक्यातील
तोलव्यायाम, वार्धक्यातील : उतारवयात उभे राहणे, चालणे, वळणे, बसून उठणे इ. हालचालींतील स्थैर्य टिकविण्यासाठी वा सुधारण्यासाठी योजलेला पद्धतशीर व्यायामक्रम. पडणे टाळणे आणि स्वावलंबन राखणे ही त्याची मुख्य उद्दिष्टे होत.

शरीराचा तोल अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय, दृष्टी आणि स्नायू, सांधे व तळपाय यांतील संवेदना यांवर अवलंबून असतो. मेंदू, विशेषतः निमस्तिष्क, या संवेदनांचा मेळ घालून पाय व धड यांच्या स्नायूंकडून तत्काळ प्रतिसाद घडवून आणतो. वयोमानानुसार या तिन्ही संवेदना मंदावतात, स्नायूंचे बळ घटते व प्रतिसादास विलंब होतो. मोतीबिंदू, मधुमेहजन्य तंत्रिकाविकार, पार्किनसन रोग, झोपेची औषधे इत्यादींमुळे धोका वाढतो. पासष्टीपुढील सु. एक-तृतीयांश व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात. विरळ झालेली हाडे अशा वेळी सहज मोडतात; खुब्याजवळील अस्थिभंगानंतर अनेकांचे स्वतंत्रपणे हिंडणेफिरणे कायमचे थांबते. एकदा पडलेली व्यक्ती भीतीपोटी हालचाल कमी करते, त्यामुळे स्नायू अधिकच दुर्बल होतात व पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. हे दुष्टचक्र व्यायामाने रोखता येते.

या क्रमात दोन्ही पाय जवळ ठेवून, एकामागे एक ठेवून व अखेरीस एका पायावर उभे राहणे; एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना भिडवीत सरळ रेषेत चालणे; आडवी व उलटी पावले टाकणे; हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे; घोट्याला वजन बांधून पाय उचलणे यांचा समावेश होतो. जमेल तसा आधार कमी करीत काठिण्य वाढवावयाचे असते. केवळ चालण्याचा व्यायाम तोलासाठी पुरेसा ठरत नाही. चिनी ताय-ची ही संथ हालचालींची पद्धतीही उपयुक्त ठरली आहे.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात घरी करावयाचा असा क्रम तयार करण्यात आला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ८० वर्षे व त्यांवरील वयाच्या २३३ स्त्रियांचे दोन गट केले होते. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याच्या ८८, तर दुसऱ्या गटात १५२ घटना घडल्या. नव्वदीच्या आसपासच्या अशक्त व्यक्तींच्या पायांचे बळही आठ आठवड्यांच्या भारव्यायामाने दुपटीहून अधिक वाढल्याचे अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात (१९९०) आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये वृद्धांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणाऱ्या व्यायामांची शिफारस केली.

प्रगती अजमावण्यासाठी खुर्चीवरून उठून ३ मी. चालणे व परत येऊन बसणे यांस लागणारा वेळ मोजतात. १२ सेकंद वा अधिक वेळ लागणे धोकासूचक मानतात. व्यायाम भिंत, कठडा वा स्वयंपाकघरातील ओटा यांजवळ, प्रारंभी कोणाच्या तरी देखरेखीखाली करावा. घेरी, छातीत दुखणे वा अलीकडील अस्थिभंग असल्यास आधी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. व्यायाम थांबविल्यास लाभ ओसरतो, म्हणून सातत्य महत्त्वाचे ठरते.