तीन पेडांची वेणी आणि डब्यातली भुकटी

पायाचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, तर सकाळी ते ओतता येत नाही. पातेलं हलवलं की आतला सगळा गोळा थलथल हलतो. त्यात मैदा नसतो, कॉर्नफ्लॉवर नसतं. बकऱ्याच्या पायातल्या हाडांत, कातडीत आणि कंडरांत जे कोलॅजेन होतं, ते मंद आचेवर तासन्‌तास शिजून उलगडलं आणि त्याचं जिलेटिन झालं. थंड होताना जिलेटिनच्या सुट्या साखळ्यांनी पुन्हा एकमेकींना धरलं आणि पाणी जागच्या जागी अडवलं. कोलॅजेनचा महागडा डबा विकत घेण्याआधी ही करामत जरूर बघावी.

आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण तिसरा हिस्सा कोलॅजेनचा. त्याची घडण उलगडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे, हे आपण फारसं सांगत नाही. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण सोडले आणि 1954 साली ‘नेचर’मध्ये सांगितलं, की यात तीन साखळ्या आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी चित्र आणखी नेमकं केलं: तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, तीन पेडांच्या वेणीसारख्या. प्रत्येक पेडात सुमारे हजार अमिनो आम्लं, आणि त्यांत दर तिसरं ग्लायसिन. वेणीच्या गाभ्यात जागाच इतकी अरुंद, की सगळ्यांत लहान असलेलं ग्लायसिनच तिथे मावतं. हजारांतलं एक ग्लायसिन बदलून दुसरं काही आलं, तरी काही बाळं काचेसारख्या ठिसूळ हाडांनी जन्माला येतात. केवढा नाजूक हिशोब!

या वेणीला पक्कं करायला प्रोलीन या अमिनो आम्लावर ऑक्सिजन बसवावा लागतो, आणि ते काम क जीवनसत्त्वाशिवाय नीट होत नाही. म्हणूनच पूर्वी महिनोन्‌महिने ताजं अन्न न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि भरून गेलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत. व्रण भरला की काम संपलं, असं नसतं. शरीर तिथली वीण सतत दुरुस्त करत असतं.

आता डब्याकडे वळू. अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे 3,00,000 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजायचं एकक). तो आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जात नाही आणि चेहऱ्यापर्यंत पोचून तिथे बसत नाही. म्हणून कारखान्यात विकरांनी त्याचे बारीक तुकडे करतात, बहुतेकदा काही हजार डाल्टनचे. हेच ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजेन’ किंवा ‘कोलॅजेन पेप्टाइड’. पोटात हे तुकडे आणखी तुटतात. मात्र ऑक्सिजन जोडलेल्या प्रोलीनचे दोन-तीन कड्यांचे काही तुकडे खरोखर रक्तात सापडतात. ते त्वचेतल्या पेशींना नवी वीण घालायची सूचना देत असावेत, अशी कल्पना आहे. मला हा भाग विलक्षण वाटतो.

हेच वेगळं प्रोलीन दर्जा तपासायलाही उपयोगी पडतं. आपल्या खाण्यातल्या इतर प्रथिनांत ते जवळपास नसतंच, त्यामुळे ते मोजून भुकटीत खरं कोलॅजेन किती, हे प्रयोगशाळा सांगू शकते. चांगल्या कंपनीकडे प्रत्येक बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल असतो. त्यात शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांचे आकडेही हवेत, कारण हाडं, कातडी आणि मासळी यांतून ते भुकटीत येऊ शकतात. कोलॅजेन गाय-म्हशीचं, डुकराचं, कोंबडीचं की मासळीचं, हे डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असावं. ज्यांना मासळीची अ‍ॅलर्जी आहे किंवा जे एखादा प्राणी खात नाहीत, त्यांच्यासाठी ही बाब साधी नाही. वनस्पती कोलॅजेन बनवतच नाहीत. म्हणून खऱ्या कोलॅजेनच्या डब्यावर चौकटीतला तपकिरी त्रिकोण असायला हवा. हिरव्या ठिपक्याच्या ‘व्हेगन कोलॅजेन’मध्ये फार तर क जीवनसत्त्व, बायोटिन आणि अमिनो आम्लं असतात.

मात्राही बघा. त्वचेवरच्या चाचण्यांत रोज साधारण अडीच ते दहा ग्रॅम पेप्टाइड, तेही दोन-तीन महिने दिलेलं असतं. गमी किंवा गोळीत काही मिलिग्रॅमच असेल, तर त्याची या चाचण्यांशी तुलना होत नाही. सांध्यांसाठी मिळणारं, न उलगडलेलं ‘टाइप टू’ कोलॅजेन वेगळं: ते 40 मिलिग्रॅमच देतात.

आणि गुण येतो का? 2025 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्वचेवरच्या 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या मिळून फायदा दिसला. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर ओलावा, लवचिकपणा, सुरकुत्या यांत ठळक फरक उरला नाही. माझ्या मते, सुरकुत्यांसाठी एवढा खर्च करावा असा पुरावा अजून नाही. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे रोजच्या प्रथिनाची जागाही ते घेऊ शकत नाही. डाळ, अंडी, मासळी, आवळा, पेरू आणि उन्हापासून त्वचेचं रक्षण यांवर आधी लक्ष द्या. तरीही घ्यायचंच असेल, तर स्रोत, ग्रॅम आणि बॅचचा अहवाल हे तिन्ही दाखवणाऱ्याकडूनच घ्या. मूतखड्याचा त्रास झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कोलॅजेनमधल्या त्याच ऑक्सिजन जोडलेल्या प्रोलीनचं शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं.