दूध कोणत्या लिंगाचे?

भोपाळच्या सोनागिरीत, भेलच्या परिसरात, वाढणाऱ्या मराठी मुलाला घरी ‘ते दूध’ आणि शाळेत ‘ठंडा दूध’, घरी ‘नवे पुस्तक’ आणि वर्गात ‘नई पुस्तक’, असा दोन व्याकरणांचा दुहेरी जमाखर्च बालपणापासूनच सांभाळावा लागतो. आणि अशा मुलाने पुढे फ्रेंच अथवा स्पॅनिश शिकावयाचे मनावर घेतले, तर हीच सवय त्याला कित्येक मार्गदर्शिकांहून अधिक उपयोगी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्कृताप्रमाणे लॅटिनमध्येही तीन लिंगे होती. मराठीने ती जतन केली, हिंदीने नपुंसकलिंग टाकले. तिकडे लॅटिनच्या लेकी फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीज यांनी हिंदीचीच वाट धरली. मात्र निराधार झालेल्या नामांची वाटणी सर्वत्र एकसारखी झाली नाही. लॅटिनमधील नपुंसकलिंगी दूध फ्रेंच, इटालियन व पोर्तुगीज भाषांत पुल्लिंगी ठरले, तर स्पॅनिशमध्ये ‘ला लेचे’ म्हणून स्त्रीलिंगी! रुमानियनमध्ये तर असा एक तिसरा वर्ग आहे, की त्यातील नामे एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी वागतात. तेव्हा एका बहिणीच्या दप्तरातील नोंद दुसरीकडे ग्राह्य धरू नये, हे उत्तम.

या सवयीचा खरा लाभ भूतकाळात आहे. ‘मी गेलो’ येथे क्रियापद कर्त्याच्या अधीन, ‘मी भाकरी खाल्ली’ येथे कर्माच्या. कारण ही रूपे संस्कृतातील धातुसाधितांपासून आलेली आहेत. फ्रेंचमध्येही ‘ती गेली’ म्हणताना धातुसाधित कर्त्याचे लिंग घेते, आणि कर्म आधी आले तर कर्माचे: ‘मी पत्र लिहिले’ यात ‘एक्री’, पण ‘मी लिहिलेले पत्र’ म्हणताना, पत्र तेथे स्त्रीलिंगी असल्यामुळे, ‘एक्रीत’. फ्रेंच व्याकरणकारांनी या नियमाला इतकी पोटकलमे जोडली आहेत, की खुद्द फ्रेंच मुलेही त्यांत अडखळतात. स्पॅनिशने ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाबरोबरचे धातुसाधित अविकारी ठेवून ही कटकट मुळातूनच निकालात काढली.

‘मला आंबा आवडतो’ म्हणणाऱ्यास स्पॅनिशचे ‘मे गुस्ता एल मांगो’ शिकविण्यास फारसे श्रम पडू नयेत, कारण आवडणारी वस्तू कर्ता आणि ज्याला ती आवडते तो चतुर्थीत, ही रचना त्याच्या घरचीच आहे. इटालियन आणि रुमानियनमध्येही ती तशीच भेटते. पोर्तुगीजमध्ये मात्र आवडणारा माणूस कर्तेपद स्वतःकडेच ठेवतो, आणि फ्रेंचमध्येही ‘मी आंब्यावर प्रेम करतो’ अशाच धाटणीने सहसा बोलतात.