आधी प्राण्याला उपाशी ठेवून बघा

पडद्यावरचा प्राणी पाळायला देणारी एखादी साइट मुलांसाठी योग्य आहे का, असं पालक विचारतात तेव्हा मी त्यांना आधी एकच काम सांगते. स्वतः अकाउंट उघडा, प्राणी दत्तक घ्या आणि आठवडाभर त्याच्याकडे फिरकू नका. मी प्राथमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पालकसभा आटोपली की कुणीतरी मोबाइल पुढे करतं, त्यावर टपोऱ्या डोळ्यांचं पिल्लू उड्या मारत असतं. ‘‘मॅडम, यात मारामारी नाही, रक्त नाही. चालेल ना?’’ पण गोंडसपणावरून काही कळत नाही; गोंडस सगळेच असतात. मूल खेळायला आलं नाही, तर साइट त्याच्याशी कशी वागते ते पाहावं लागतं.

खऱ्या कुत्र्याला भूक लागते ती पोटामुळे. पडद्यावरच्या प्राण्याला किती तासांनी भूक लागावी, त्याने किती केविलवाणं दिसावं, हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं. जपानच्या बंदाई कंपनीने १९९६ मध्ये तामागोची बाजारात आणलं. मुठीत मावणारं, अंड्याच्या आकाराचं, तीन बटणांचं खेळणं. बीप वाजवून ते खायला मागायचं आणि दुर्लक्ष झालं तर मरायचं. कितीतरी शाळांनी ते वर्गात आणायला बंदी घातली. यातून मुलांना जबाबदारी कळते, असं तेव्हाही म्हटलं जायचं आणि आजही म्हणतात. मला ते पटत नाही. खरा कुत्रा आपण गावाला जाताना शेजाऱ्यांकडे सोपवतो आणि निश्चिंत होतो. ज्या जबाबदारीतून क्षणाची सुटका नाही, ती सात-आठ वर्षांच्या मुलावर टाकायची नसते.

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलाने फोनमधलं मांजर शाळेच्या वेळात उपाशी राहू नये म्हणून आजीला ते भरवायला शिकवलं होतं. आजी रोज दुपारी चष्मा लावून त्या मांजराच्या तोंडात बोटाने एकेक घास सरकवायच्या. आजीच्या लक्षात राहावं म्हणून वहीच्या पानावर बाणही काढून दिले होते त्याने : आधी इथे दाब, मग इथे. त्या मुलाची माया शंभर टक्के खरी होती. म्हणून तर तिचा कोण कसा उपयोग करून घेतं, याची मला इतकी काळजी वाटते.

तपासून पाहायला निओपेट्स ही साइट चांगली आहे, कारण तिच्यात या धंद्यातलं भलंबुरं दोन्ही एकत्र सापडतं. अ‍ॅडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या ब्रिटिश जोडीने ती १५ नोव्हेंबर १९९९ ला सुरू केली. २००५ मध्ये व्हायकॉम या अमेरिकी कंपनीने ती १६ कोटी डॉलरला विकत घेतली, पुढेही मालक बदलत गेले, पण साइट अजून चालू आहे. अमेरिकेत वाढलेली माझी एक भाची लहानपणी तिच्यावर तासन्‌तास असायची. आपल्या प्राण्याचं पान सजवता सजवता ती एचटीएमएल शिकली, आणि ती एकटी नव्हे. त्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी कोडिंगचा पहिला धडा तिथेच गिरवला.

आता उपवासाची परीक्षा. निओपेट्सवर प्राण्याला खायला घातलं नाही तर त्याच्या नावापुढची भुकेची पायरी खाली खाली जाते आणि शेवटी चक्क ‘मरणासन्न’ अशा अर्थाचा शब्द लागतो. पण प्राणी मरत मात्र कधीच नाही. महिन्यांनी परतलात तरी तो तिथेच असतो. गावाला जायचं असेल तर थोड्या पॉइंटांत त्याला हॉटेलात ठेवता येतं. ज्यांच्याकडे पॉइंट कमी आहेत त्यांच्यासाठी एक परी फुकट सूप वाटते, आणि एका पठारावर अवाढव्य ऑम्लेट पडलेलं असतं, त्याचा तुकडा दिवसातून एकदा कुणालाही मिळतो. गरीब खेळाडूसाठी असं अन्नछत्र ठेवावंसं ज्याला वाटलं, त्या माणसाने मुलांचा विचार केला होता, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

कॅनडाच्या गॅन्झ कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या वेबकिन्झमध्ये गोष्ट वेगळी होती. दुकानातून कापडी खेळणं घ्यायचं, त्याच्या चिठ्ठीवरचा गुप्त कोड साइटवर टाकायचा, की तोच प्राणी पडद्यावर येतो. तिथेही प्राणी आजारी पडायचा पण मरायचा नाही. मात्र सुरुवातीच्या काळात अकाउंट वर्षभरच चालायचं. वर्षाच्या आत नवं खेळणं विकत घेतलं नाही, तर प्राणी, त्याचं घर, जमवलेलं सगळं सामान गेलं. भुकेच्या बाबतीत दयाळू असलेली साइट वर्षअखेरीस मुलाला थेट आईबाबांच्या पाकिटाकडे पाठवत होती. म्हणून उपवासाबरोबर अटी-शर्तींचं पानही वाचायला हवं, कितीही कंटाळवाणं असलं तरी.

पैशांच्या बाबतीत मी सर्वांत कडक आहे. निओपेट्सवर शेअर बाजार आहे, बँक आहे, लिलाव आहे. त्यातून हिशेब शिकता येतो. पण तिथेच स्लॉट मशीन आहे, स्क्रॅचकार्ड आहेत, नशिबाचं चक्र आहे आणि खादाडीची स्पर्धा लावणाऱ्या चाच्यांवर पैजा लावायची सोय आहे. पॉइंट खोटे असतात, हे खरं. तरी चक्र थांबताना श्वास रोखून धरण्याची सवय खरी असते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात या जुगारावरून बरीच ओरड झाली होती. २००७ पासून खऱ्या पैशांनी घ्यायचं वेगळं चलनही तिथे आलं. मुलाने पॉइंट कसे कमावले, हे त्याला शेजारी बसून दाखवायला सांगा. कोडी सोडवून कमावले असतील तर ठीक. चक्र फिरवून कमावले असतील, तर त्या खेळावर घरात सरळ बंदी घाला.

खरेदीसाठी आग्रह कुठल्या शब्दांत होतो, तेही बघावं. ‘मोशी मॉन्स्टर्स’ या ब्रिटिश साइटला २०१५ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने फटकारलं होतं. सभासद झालात तर लोकप्रिय व्हाल, आत्ताच सामील व्हा, अशा भाषेत ती साइट थेट मुलांनाच हाक मारत होती. आठ वर्षांच्या मुलाला ‘लोकप्रिय व्हाल’ म्हणणं मला क्रूर वाटतं. वर्गात कुणाशेजारी कुणी बसत नाही, हे मी रोज बघते.

अनोळखी माणसांशी बोलणं हा भाग थोडक्यात सांगते, कारण याबाबत पालक सावध असतातच. वेबकिन्झच्या साध्या गप्पांत मुलाला टाइप करता येत नसे. तयार वाक्यांतून एक निवडायचं. लहान मुलांसाठी ही पद्धत मला उत्तम वाटते. जिथे मोकळं टाइप करता येतं, तिथे पालक शेजारी हवेत.

जन्मतारखेबद्दल मात्र पालकच मुलांना खोटं बोलायला शिकवतात, आणि तिथे मला राग येतो. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती लागते. निओपेट्सवर एके काळी त्यासाठी सही केलेला फॉर्म फॅक्स किंवा पोस्टाने पाठवावा लागे. ती कटकट टाळायला जन्मसाल बदललं, की मूल साइटच्या लेखी मोठं होतं आणि त्याच्यासाठी लावलेली सगळी कुंपणं उघडतात. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर अठराखालचे सगळे मूलच धरले आहेत. त्यांच्यावर पाळत ठेवायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण खोटी जन्मतारीख टाकलेल्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

हे संरक्षण का लागतं, याचं उदाहरणही निओपेट्सनेच दिलं. जुलै २०२२ मध्ये तिथल्या सुमारे ६ कोटी ९० लाख अकाउंटची माहिती चोरीला गेल्याच्या बातम्या आल्या. त्यात ईमेल, जन्मतारखा होत्या, आणि बऱ्याच जणांनी लहानपणी उघडून विसरलेली ती अकाउंट होती. म्हणून ईमेल पालकांचा, पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला, आणि प्राण्याच्या नावात मुलाचं आडनाव, शाळा, गाव काही नको. अकाउंट बंद कसं करायचं, तेही उघडण्याआधी शोधून ठेवा. तो मार्ग सापडत नसेल तर उघडूच नका.

निओपेट्सचं म्हणाल, तर आठवीतल्या मुलीला मी ती देईन, आणि शेअर बाजाराच्या पानावर तिच्याबरोबर बसेनही. तिसरीतल्या मुलाला देणार नाही. त्या वयात ‘मरणासन्न’ हा शब्द वाचता येतो, पण तो प्राणी खरंच कधी मरणार नाही यावर विश्वास बसत नाही, आणि मग मूल रात्री उठून फोन मागतं.