काड्या, गठ्ठे आणि हातचा

दुसरीच्या वर्गात ‘त्रेसष्ट लिहा’ म्हटलं की दोन-चार पाट्यांवर ३६ उमटतंच. ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६९. ‘लक्षच नसतं त्याचं,’ असं पालक सांगतात. मला मात्र वाटतं की त्या मुलाने फार लक्ष देऊन ऐकलेलं असतं. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो आणि साठ मागून येतो. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतो, लिहायचे असतात पाचावर नऊ. मूल ऐकलं तसं लिहितं.

यावरचा आपला जुना उपाय म्हणजे पाठांतर. सहावर तीन त्रेसष्ट, सहावर चार चौसष्ट. हे तोंडपाठ झालं की संख्या आली, हा पहिला गैरसमज. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, कारण कोणता अंक आधी लिहायचा हे त्यातून पक्कं होतं. पण त्या सहाच्या पोटात सहा दहा आहेत, हे त्यातून कळत नाही. ते कळायला मुलाच्या हातात काड्या द्याव्या लागतात. दहा मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा बाजूला ठेवायचा. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या स्वतः मांडल्या की ‘साठ आणि तीन’ हे मूल आपणहून म्हणतं.

इथेच २०१९ सालचा वाद आठवतो. बालभारतीचं दुसरीचं नवं गणित आलं आणि ‘आता बावीस, त्रेसष्ट हे शब्द हद्दपार झाले’ अशी हाकाटी झाली. विधानसभेतही चर्चा झाली. प्रत्यक्षात पुस्तकात दोन्ही नावं होती. ‘साठ तीन’ होतं आणि ‘त्रेसष्ट’ही होतं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ते वारंवार सांगितलं. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावं मुलांना अवघड जातात, म्हणून सोप्या नावाचा आधार द्यायचा, एवढाच त्यामागचा विचार होता. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी आणि एकक नंतरच म्हणतात. सोलापुरात ज्या मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांच्या कानाला हाच क्रम सवयीचा असतो. वर्गात मी काड्या मांडताना ‘साठ तीन’ म्हणवून घेते आणि लगेच ‘म्हणजे त्रेसष्ट’ जोडते. बाजारात, घरात त्रेसष्टच ऐकू येणार आहे, तेव्हा तो शब्द यायलाच हवा. ‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’, एक कमी, हेही साठातली एक काडी काढून दाखवता येतं. नव्व्याण्णव हा नियम मोडतो, आणि मुलांना ते शोधून काढायला फार आवडतं.

साहित्य म्हणजे विकत आणलेला संच, नाहीतर रंगीत तक्ता. हा समज शिक्षकांमध्येही आहे. तक्ता भिंतीवर उंच टांगलेला, संच कपाटात, मोडेल म्हणून कुलूप. मोन्टेसरी पद्धतीत दशमान शिकवायला मण्यांचं सुंदर साहित्य आहे: सुटा मणी, दहाची सर, शंभराचा चौकोन, हजाराचा घन. पण महाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. साहित्य स्वस्त झालं म्हणून विचार हलका झाला नाही. चिंचोके, खराट्याच्या काड्या, तुराट्यांचे तुकडे चालतात. अट एकच, ते मुलाच्या हाताला लागलं पाहिजे.

काड्या पहिलीपुरत्या, किंवा कच्च्या मुलांसाठी. या एका समजुतीने मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं असं माझं मत आहे. ५२ वजा २७ घ्या. दोनातून सात जात नाहीत म्हणून ‘शेजारून एक उसना’ घ्यायचा, हे वाक्य चौथीतली मुलंही मंत्रासारखं म्हणतात. उसना घेतला एक आणि दोनाचे झाले बारा, हे कसं? पाच गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवा. मुलाला सात सुट्या द्यायला सांगा. ते थांबतं, गठ्ठ्यांकडे बघतं, आणि एका गठ्ठ्याचं रबर काढतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. सत्तावीस काढून घेतल्यावर दोन गठ्ठे, पाच सुट्या उरतात. रबर काढायचं कोणी सांगितलं नव्हतं. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांनाही त्या क्षणी पहिल्यांदा कळतं की आपण इतके दिवस काय करत होतो.

‘हे कृतीतून शिकणाऱ्या मुलांसाठी, काही मुलं ऐकून शिकतात’ असंही प्रशिक्षणात कानावर येतं. मुलांचे असे प्रकार पाडून त्यानुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मांडलं. गठ्ठा सगळ्यांनीच बांधावा.

साहित्य हातात दिलं की समजतंच. हे मात्र मलाही बरीच वर्षं वाटायचं. दोन गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे. किती? तेवीस. आता त्यांची अदलाबदल करा, सुट्या डावीकडे. किती? तरीही तेवीसच, कारण गठ्ठा कुठेही ठेवला तरी दहाचाच. पण पाटीवर २ आणि ३ ची अदलाबदल केली की बत्तीस होतात. म्हणजे स्थानिक किंमत काड्यांमध्ये नाही, ती लिहिण्याच्या पद्धतीत आहे. हा फरक मुलांशी बोलावाच लागतो. म्हणून खडूने जमिनीवर दशक-एककाची दोन घरं आखायची, गठ्ठे आणि सुट्या आपापल्या घरात ठेवायच्या, प्रत्येक घराखाली अंक लिहायचा आणि संख्या मोठ्याने म्हणायची. काडी, शब्द आणि अंक एकाच वेळी समोर हवेत. पुढे काड्या हळूहळू काढून घ्यायच्या: आधी गठ्ठ्याचं नुसतं चित्र, मग नुसते अंक. मूल अडलं की पुन्हा काड्या.

तयारी फार लागत नाही. दोघांच्या जोडीला शंभर काड्या आणि दहा रबरं पुरतात, तीस मुलांच्या वर्गाला दीड हजार काड्या. त्या मुलंच गोळा करतात, आणि मोजताना त्यांना शंभराचे गठ्ठेही बांधावे लागतात. बाजारातली रबरं उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापल्या तर त्या जास्त टिकतात. छोट्या बोटांना ताणायला मात्र थोड्या जड जातात, म्हणून पहिल्या आठवड्यात मी दोन मुलांना मिळून एक गठ्ठा बांधायला देते. एकाने काड्या धरायच्या, दुसऱ्याने मोठ्याने मोजून चकती चढवायची.