वडीलकी आणि मायबापपणा

इंग्रजींत ‘पॅटर्नॅलिझम’ म्हणून एक शब्द आहे. बाप या अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून तो निघाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभाराच्या चर्चेंत रूढ झाला. आतां तो वैद्यक, कायदा आणि कुटुंब या तिन्ही क्षेत्रांत ऐकूं येतो. परंतु पुष्कळ सुशिक्षित मंडळी त्याचा अर्थ ‘पुरुषांची सत्ता’ असा करितात. ती चूक आहे. पुरुषसत्ता ही निराळी गोष्ट. पॅटर्नॅलिझमचा दोष घरांतील एखाद्या कर्त्या सासूबाईंनाही लागूं शकतो.

दुसऱ्याचें कल्याण व्हावें या हेतूनें, परंतु त्याला न विचारतां किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या वतीनें निर्णय घेणें, हा या शब्दाचा नेमका अर्थ होय. स्वतःच्या लाभासाठीं दुसऱ्यावर सक्ति केली तर तो जुलूम. विचारून हात दिला तर तें साहाय्य. हेतु चांगला आहे आणि विचारणा मात्र नाहीं, अशा ठिकाणींच हा शब्द लागूं पडतो. हेतु चांगला असल्यामुळें करणाऱ्यास तो दोष दिसत नाहीं, आणि ज्याच्यावर प्रसंग येतो त्यास तक्रार करण्याचा संकोच वाटतो.

मराठींत यास प्रतिशब्द नाहीं असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. ‘वडीलकी’ हा शब्द आपल्या घरोघरीं आहे, आणि सरकारांत अर्ज करितांना ‘मायबाप सरकार’ असें लिहिण्याचीही आपली जुनी चाल आहे. दोन्ही शब्दांस आधार आईबापांचाच. तथापि त्यांत एक मोठें अंतर आहे. तें समजून घेण्यास आमच्या वऱ्हाडाचाच इतिहास उपयोगी पडेल.

हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. १८६० च्या तहान्वयें इंग्रजांनीं तो विश्वस्त या नात्यानें ठेविला. विश्वस्त म्हटला कीं ठेव परत करण्याची वेळ आलीच. परंतु १९०२ सालीं नवा करार होऊन, सालीना पंचवीस लाख रुपये खंडावर, वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रज सरकारनें मिळविला. पुढच्याच वर्षीं हा प्रांत मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यांत आला. १९३६ सालीं निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. कारभार मात्र होता तसाच राहिला. इतके कागद झाले, इतक्या सह्या झाल्या. त्यांपैकीं एकाही वेळीं अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या रयतेस कोणी कांहीं विचारलें नाहीं.

या काळांत वऱ्हाडचें कांहींच भलें झालें नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. अकोला व बडनेरा या मार्गानें १८६७ सालीं नागपूरपर्यंत रेल्वे पोंचली, कापसाच्या पेठा वाढल्या, शाळा व दवाखाने निघाले. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस बंद झाला तेव्हां मँचेस्टरच्या गिरण्यांस वऱ्हाडचा कापूस हवा होता, हेंही त्याबरोबर ध्यानांत ठेवावें. दुसऱ्याच्या हिताचा निर्णय एकट्यानें घेणाऱ्याच्या हिशेबांत स्वतःचें हित केव्हां मिसळतें, हें त्याचें त्यासही कळत नाहीं. आणि विचारण्याची रीतच नसल्यामुळें त्यास तें दाखवून देणाराही कोणी नसतो. १८९७ च्या डिसेंबरांत सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं अमरावतीस काँग्रेस भरली. दुष्काळाचें आणि प्लेगाचें तें वर्ष. पुण्यांत प्लेग हटविण्यासाठीं सोजिरांकडून घरांची झडती घेण्यांत आली होती. हेतु जीव वांचविण्याचा, परंतु रीत अशी कीं लोकांस रोगापेक्षां उपायाचेंच भय अधिक वाटलें.

येथें एक शंका निघेल. अजाण माणसाचें रक्षण त्याला विचारून कसें करावें? शंका रास्त आहे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं असें मांडिलें कीं, केवळ त्याच्या भल्यासाठीं म्हणून जाणत्या माणसावर सक्ति करूं नये. लहान मुलांस मात्र हा नियम लागू नाहीं. तोच अपवाद त्यानें मागासलेल्या समाजांसही लाविला. कंपनीच्या लंडनच्या कचेरींत पस्तीस वर्षें नोकरी केलेल्या गृहस्थास आपण सगळे अजाण बालकें दिसलों, यांत नवल तें काय? अकोल्यास राहून १८७५ सालीं मॅट्रिक झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांनीं मिलचा पहिला अपवाद घेतला, आणि तो योग्य जागीं लाविला. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षें झाली, तेव्हां टिळकांनीं परक्या सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. आगरकर कायद्याच्या बाजूनें उभे राहिले. दहा वर्षांच्या मुलीस संमति देतांच येत नाहीं. तिचें रक्षण करणें यास मायबापपणा म्हणतां येणार नाहीं. ती खरी वडीलकी होय.

आतां घरची गोष्ट. आमच्या आत्याबाई अकोल्यास एका शाळेंत तीस वर्षें शिक्षिका होत्या. त्यांच्या पोटांत गांठ निघाली, तेव्हां थोरल्या दादांनीं ठरविलें कीं त्यांना सांगावयाचें नाहीं. आणि आम्ही सर्वांनीं त्यास मान डोलाविली. आंतड्यास सूज आहे, एवढेंच त्यांस सांगितलें. नवरात्रांत अमरावतीस जाऊन अंबादेवीचें दर्शन घ्यावें असें त्यांच्या मनांत होतें. “बरें वाटलें कीं जाऊं” म्हणून आम्ही तें पुढें ढकललें. नवरात्र गेलें, दिवाळी गेली. एके सायंकाळीं आम्ही औषध देत असतां त्या शांतपणें म्हणाल्या, “अरे, तुम्ही सारे माझ्यासाठीं किती करतां! पण मला एकदां विचारलें असतेंत, तर मी काय सांगितलें असतें, हें तुम्हांला ठाऊक तरी आहे का?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यांस सर्व कांहीं केव्हांच उमगलें होतें. त्या रात्रीं दादा त्यांच्याजवळ बसले व त्यांनीं सगळें खरें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं आत्याबाईंनीं आपली पेटी उघडविली, दागिन्यांची वांटणी स्वतः केली, आणि कोणतें औषध घ्यावयाचें व कोणतें नाहीं तें डॉक्टरांना स्वतः सांगितलें. मार्गशीर्षांत आम्ही त्यांना अंबादेवीस घेऊन गेलों. पायऱ्यांवर त्यांना उचलून न्यावें लागलें. आश्विनांत त्या स्वतःच्या पायांनीं चढल्या असत्या, हें आम्हांस आजही विसरतां येत नाहीं.

आमच्या मतें वडीलकी आणि मायबापपणा यांतील अंतर हेंच. वडीलकीस मुदत असते. मूल जाणतें झालें कीं ती आपण होऊन हात काढून घेते. मायबापपणा कायमचा पट्टा करून मागतो, मग तो वऱ्हाडाचा असो, सुनेच्या पगाराचा असो, कीं म्हाताऱ्या माणसाच्या अखेरच्या दिवसांचा. ८ ऑगस्ट १९४७ रोजीं अकोल्यास वऱ्हाडचे व पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी समोरासमोर बसून एकत्र राहण्याच्या अटी बोलले. त्या कराराचें पुढें काय झालें हा वेगळा विषय. परंतु त्या दिवशीं वऱ्हाडच्या लोकांशीं निदान बोलणें तरी झालें.

एकत्र कुटुंब आम्हांस प्रिय आहे. तें टिकावें असें ज्यांस वाटतें, त्या वडील मंडळींनीं आज रात्रीं पानावर बसतांना घरांतील एका तरी माणसास विचारावें, “तुझ्या मनांत काय आहे?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.