सायकलीचे चाक : आराम आणि वेग यांचा मेळ

धुळ्याहून शिरपूरकडे जाताना सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. डोंगरावर किल्ला, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव, आणि जवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. येथे सायकलस्वाराला एकाच फेरीत तीन प्रकारच्या वाटा भेटतात : गावातील खडबडीत गल्ल्या, महामार्गाचे सपाट डांबर आणि शिवारातील बाभळीच्या काट्यांची पायवाट. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने प्रकृतीसाठी सायकल घ्यायची ठरवली, तर खरा प्रश्न रंगाचा वा गिअरचा नसून चाकाचा असतो.

पुष्कळ जण वेगाच्या मोहाने अगदी अरुंद टायरची सायकल घेतात. हात बधिर होतात, कंबर धरते आणि दोन महिन्यांत सायकल गोदामात जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की प्रत्येक खड्डा चुकवताना असा स्वार मागून येणाऱ्या मालमोटारीच्या वाटेत वळतो.

कडक चाक म्हणजे वेगवान चाक, ही समजूत फार जुनी आहे. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, ते धक्के कमी व्हावेत म्हणून. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने असे टायर लावून तेथील शर्यती जिंकल्या. आरामासाठी काढलेली युक्ती वेगाचीही ठरली. कारण उघड आहे : कडक चाक प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार दोघांनाही उचलते आणि त्यात पायांची शक्ती वाया जाते, हवेचे चाक खडा पोटात घेऊन पुढे सरकते. व्यावसायिक शर्यतींतील स्वारही आता २३ मिलिमीटरचे टायर सोडून २८ मिलिमीटरपर्यंत आले आहेत.

निवड वाटेनुसार करावी. बहुतेक फेरी महामार्गावर असेल, तर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदी योग्य. गाव आणि महामार्ग दोन्ही असतील, तर ३५ ते ४० मिलिमीटरचा गुळगुळीत टायर सर्वांत सोयीचा. खोल नक्षीचे जाड टायर शिवारातच शोभतात. डांबरावर ते घरघरतात आणि दम काढतात. काट्यांसाठी आत संरक्षक पट्टा असलेला टायर घ्यावा. तो किंचित जड असतो, पण पंक्चर काढण्यात जाणारा अर्धा तास वाचवतो.

खरेदीपूर्वी टायरच्या कडेवरील आकडे वाचावेत. ‘३२-६२२’ मधील पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक ६३५ चे असते. त्यावर ६२२ चा टायर बसत नाही. फ्रेम आणि ब्रेक यांत रुंद टायरला जागा आहे का, हेही पाहावे.

हवेचे गणित रुंदीबरोबर बदलते. सत्तर किलो वजनाच्या स्वाराला ३२ मिलिमीटरच्या टायरात साधारण ६० पीएसआय पुरते, ४० मिलिमीटरच्या टायरात ४५ च्या आसपास. मागच्या चाकात थोडी अधिक, कारण भार तिकडे जास्त. खानदेशचा उन्हाळाही हिशेबात धरावा. पहाटे २५ अंशांना भरलेले ६० पीएसआय दुपारी ४५ अंशांना सुमारे ६५ होतात. म्हणून सायकल सावलीत ठेवावी.

चाकाबाबत दिखाऊपणा टाळावा. थोड्या आऱ्यांचे हलके चाक शर्यतीला ठीक. पण एक आरा तुटला की ते वाकडे होऊन ब्रेकला घासते. ३२ किंवा ३६ आऱ्यांचे चाक एखादा आरा तुटला तरी घरी पोहोचवते आणि साधा कारागीरही त्याचा आउट काढू शकतो. तांबट जसा एकेक ठोका मोजून भांडे गोल करतो, तसाच तो एकेक आरा कमी-जास्त ताणून चाक सरळ करतो.

दीर्घ पल्ल्यात हाच विचार निर्णायक ठरतो. याच महामार्गावरील नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. इतके अंतर कापायचे, तर शरीर शेवटपर्यंत टिकावे लागते. सोनगीरहून धुळ्यापर्यंत जाऊन दुकान उघडायच्या वेळी परतणाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो : दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावेसे वाटेल, तेच चाक योग्य.